निव्वळ वजन

वैजंता, तुझ्या अठरा पावत्या मिळाल्या.
जिनिंगच्या काट्याच्या, गुलाबी;
एका बाजूला गाड्यांचे नंबर,
दुसऱ्या बाजूला तू.
रबर लावून प्रेसच्या शटरखालून सरकवल्यास
आणि वर चिठ्ठी: 'वाचून फाडून टाका.'

फाडल्या नाहीत.
एकतीस वर्षं मी इथे प्रुफं तपासतो,
बोरीच्या पुलाअलीकडे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर.
लग्नपत्रिका, उत्तरकार्य, बियाण्यांची हँडबिलं.
'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे वाक्य
अमळनेरात माझ्याइतकं कुणी वाचलं नसेल,
तरी अजून त्यात चूक निघते.
तेव्हा माझ्या मतावर फार जाऊ नकोस.

तू विचारलंस, लिहायला काय काय लागतं?
कोर्स असतो का? पुण्याला जावं लागतं का?
उत्तर लिहायला बसलो तर खालची गिरणी सुरू झाली
आणि टेबलासकट माझी अक्षरं थरथरली.
तर असं एक हलतं टेबल लागतं, बहुतेक.
कागद मी देईन. पत्रिकांची कातरणं ढिगाने निघतात,
कडेला कधी अर्धा गणपती, कधी नुसतं 'चि. सौ. कां.'
त्याच्या शेजारी काय लिहावंसं वाटतं बघ.
शब्दकोश आहे, पण 'प'पासून 'म'पर्यंत उंदरांनी खाल्लाय.
पाऊस, प्रेम, भीती, माय
हे तुला स्वतःच्या जबाबदारीवर लिहावं लागेल.

बाकी मी काय शिकवणार?
तूच तर रोज करतेस:
भरली गाडी काट्यावर, आकडा लिही.
कापूस उतरला, रिकामी गाडी काट्यावर, आकडा लिही.
वजा कर.
तुझ्या सातव्या कवितेत गाडीच फार आहे,
बैल, घुंगरं, धुरळा. कापूस मूठभर.
पण ती मूठ, खरं सांगतो, ऊन होती अजून.

आता एक कबुली.
अकराव्या पावतीवर तू लिहिलं होतंस:
'याय बुडना. माय आजून वावरमाईन नही उनी.'
सवयीने माझा लाल पेन चालला:
'सूर्य मावळला. आई अजून शेतातून आली नाही.'
व्याकरणात काही उणं नाही.
रात्री जेवताना दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिलं.
सूर्य मावळला तो पंचांगात, पाठ्यपुस्तकात,
सगळ्यांचाच मावळला.
याय बुडाला तो फक्त तुमच्या बांधावर
आणि कळमसऱ्याला आमच्या, चाळीस वर्षांपूर्वी.
मीही त्या अंधारात उभा होतो गं, हातात रिकामी वाटी घेऊन.
आणि शाळेत 'याय' म्हणालो तेव्हा
मास्तरांनी वर्गाला पोटभर हसू दिलं.
तेव्हापासून मी दुसऱ्यांच्याच ओळी तपासतो.

प्रुफाच्या खुणांत एक खूण असते:
खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची,
म्हणजे, होतं तसं राहू द्या.
इतक्या वर्षांत मी ती क्वचितच वापरली.
काल तुझ्या 'याय'खाली दिली, पाच टिंबं.
जरा जोरात. कागदाला भोक पडलंय.

तीन मासिकांचे पत्ते देतो,
त्यातलं एक अजून निघतं का ठाऊक नाही.
परतीचं पाकीट घाल. परत आलं
तर आतल्या बाजूने उलटून पुन्हा चिकटवता येतं,
हे मला एकाने शिकवलं होतं.

गुरुवारी गिरणी बंद असते, तेव्हा ये.
महाजनांचा पोरगा येतो, नाटक वाचताना घामाघूम होतो.
एक निवृत्त पोस्टमन प्रवासवर्णन लिहितोय,
स्वतः सुरतेच्या पुढे गेलेला नाही.
कुणी कुणाला हसत नाही. हसला तर चहा त्याच्यावर.
जिन्याची चौथी पायरी फुटकी आहे, भिंतीला धरून चढ.

आणि हो, बारावी पावती दोन्हीकडून कोरी होती.
ना नंबर, ना वजन, ना ओळ.
चुकून आली, की तशीच होती?
तेवढं विचारायचंय.